माळ्यावरून जाणारी एसीची कॉपर लाइन: बसवणं आणि इन्सुलेशन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौलारू घराचा माळा, पत्र्याखालची पोकळी किंवा फॉल्स सीलिंगच्या वरची जागा: स्प्लिट एसीची कॉपर लाइन इथून नेली की भिंतीवर पांढरे पट्टे दिसत नाहीत आणि पाइप उन्हापावसापासूनही वाचतो. पण एकदा सीलिंग बंद झालं की ती लाइन कुणाच्याच नजरेस पडत नाही. गॅसची गळती, पाइपाला सुटलेला घाम, उंदरांनी कुरतडलेलं इन्सुलेशन हे सगळं कळतं ते एसी थंड करेनासा झाल्यावर किंवा पीओपीवर तपकिरी डाग उमटल्यावर. म्हणून लपणारी लाइन उघड्या लाइनीपेक्षा जास्त काटेकोर करावी लागते. खालचे आकडे घरगुती एक ते दोन टनांच्या स्प्लिट एसीचे आहेत. तुमच्या युनिटचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

माळ्यावरून लाइन न्यावीच का?

इनडोअर युनिटची मागची भिंत बाहेरची असेल तर नेऊ नका. भिंतीला आरपार भोक पाडून तीन-चार मीटरमध्ये काम होत असताना दहा मीटर पाइप वर चढवून पुन्हा खाली आणण्यात काही फायदा नाही. खोली घराच्या मधोमध असेल, बाहेरच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असेल किंवा जांभ्याच्या जाड भिंतीत झिरी मारायची नसेल, तेव्हा माळा हा चांगला मार्ग आहे. मात्र ठरवण्याआधी पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचा. माळ्याचा मार्ग बहुतेक वेळा पाइपामुळे अडत नाही, ड्रेनमुळे अडतो.

ड्रेनचं पाणीही त्याच वाटेने नेता येईल का?

नाही. कॉपरमधला गॅस कॉम्प्रेसर ढकलतो, तो वर चढतो. ड्रेनचं पाणी फक्त उताराने वाहतं. इनडोअर युनिटच्या वर माळा, म्हणजे पाणी तिथे पोचणारच नाही; ते ट्रे भरून भिंतीवरून खाली ओघळेल. पाणी थोडंथोडकं नसतं: दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी काढतो.

मग दोन पर्याय राहतात. पहिला आणि चांगला: ड्रेन वेगळा काढा. इनडोअरच्या खालच्या बाजूने भिंतीत झिरी मारून २५ मिमीचा पीव्हीसी पाइप बाथरूमच्या किंवा बाल्कनीच्या जाळीपर्यंत न्या. उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर, जमलं तर दोन. दुसरा पर्याय छोट्या ड्रेन पंपाचा. तो चालतो, पण त्याला आवाज असतो, त्याची टाकी दर मोसमात धुवावी लागते आणि तो बंद पडला तर पाणी खोलीत येतं. पंप घेतलाच तर पाणी भरल्यावर एसी बंद करणारी फ्लोटची वायर जोडलेली असू द्या. ती जोडायचा कंटाळा केला की पंप असूनही घर भिजतं.

कॅसेट किंवा डक्टेबल युनिट सीलिंगमध्येच असतं, तेव्हा ड्रेन माळ्यातून जाणारच. तो पाइपही थंड असतो आणि त्याला घाम येतो. त्यालाही किमान ९ मिमी जाडीचं नायट्राइल (रबरी फोमची इन्सुलेशन नळी) चढवा.

पाइप किती सूत घ्यायचा?

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पातळ पाइप लिक्विड लाइनचा, जाड पाइप सक्शनचा, म्हणजे गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणारा. एक टनाला साधारण दोन सूत आणि तीन सूत, किंवा दोन आणि चार सूत. दीड टनाला बहुतेक दोन आणि चार सूत. दोन टनाला दोन किंवा तीन सूत आणि जाड पाइप चार किंवा पाच सूत. एकाच टनाच्या दोन मॉडेलांत फरक असतो, म्हणून आउटडोअरच्या व्हॉल्व्हचा साइज बघूनच कॉइल विकत घ्या. 'जाड घातला तर जास्त थंड करेल' हे खरं नाही. सक्शन लाइन जरुरीपेक्षा जाड असली की गॅसचा वेग कमी पडतो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरकडे परतणारं तेल वाटेत साचतं.

चांगला पाइप ओळखायचा कसा?

वजन करा. कॉपरची घनता ठरलेली आहे, बाहेरचा व्यास ठरलेला आहे, म्हणजे कॉइलचं वजन तिची भिंत किती जाड आहे ते सांगतं. १५ मीटरची चार सुती कॉइल ०.८ मिमी भिंतीची असेल तर तिचं वजन ४ किलो भरतं. तीच ०.६ मिमीची असेल तर जेमतेम ३ किलो. दोन सुती १५ मीटर कॉइल ०.८ मिमीला सुमारे १ किलो ८७० ग्रॅम, ०.७ मिमीला १ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास.

आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसचा दाब जुन्या आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. चार सुतापर्यंत ०.८ मिमी आणि पाच सुताला १ मिमी धरून चला. बाजारात गेजमध्ये बोलतात: २१ गेज म्हणजे सुमारे ०.८ मिमी, २२ गेज म्हणजे ०.७, २३ गेज म्हणजे ०.६. आकडा वाढला की भिंत पातळ होते, हे लक्षात ठेवा. पातळ भिंतीच्या पाइपाचा फ्लेअर (नटात बसण्यासाठी पसरवलेलं तोंड) चिरतो आणि वळणावर पाइप चपटा होतो. पाइपावर आयएस १०७७३ किंवा एएसटीएम बी२८० छापलेलं असावं आणि दोन्ही टोकांना टोप्या हव्यात. टोपी नसलेली कॉइल दुकानात पावसाळाभर पडून असेल तर आत ओल आणि धूळ आहे असंच समजा.

१० मीटरच्या लाइनीला सामान किती लागतं?

दोन्ही मापांची १५ मीटरची एकेक कॉइल. उरलेला पाइप फेकू नका. पुढे युनिट बदललं तर कामी येतो. नायट्राइलच्या दोन मीटरच्या नळ्या प्रत्येक पाइपाला सहा, म्हणजे एकूण बारा. चार सुताला १३ मिमी भोकाची नळी, दोन सुताला ६ किंवा ७ मिमी भोकाची. नायट्राइल चिकटवायचं रबर सोल्यूशन अर्धा लिटर, ५० मिमी रुंदीची नायट्राइल टेप दोन रोल, बाहेरून गुंडाळायची पीव्हीसी टेप, दहा-बारा सॅडल आणि त्यांच्याखाली घालायला ४० किंवा ५० मिमी पीव्हीसी पाइपाचे उभे चिरलेले दहा सेंटिमीटरचे तुकडे. इनडोअर-आउटडोअर जोडणारी चार कोअर केबल १२ मीटर, सलग. माळ्यावर वायरला जोड नको.

लाइन किती लांब चालते? जास्तीचा गॅस घालावा लागतो का?

घरगुती युनिटांना किमान ३ मीटर आणि बहुधा १५ मीटरच्या आसपास कमाल लांबी दिलेली असते. कंपनी भरून देते तो गॅस ५ किंवा ७.५ मीटरपर्यंत पुरतो. त्यापुढे दोन सुती लिक्विड लाइनीला आर-३२ साधारण १५ ते २० ग्रॅम प्रति मीटर. म्हणजे १२ मीटरच्या लाइनीला ७.५ वजा करून राहिलेल्या साडेचार मीटरचे ७० ते ९० ग्रॅम. हा गॅस वजनकाट्यावरच घाला. दाबाच्या गेजचा काटा बघून इन्व्हर्टर एसीत गॅस भरणं म्हणजे अंदाज, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो.

पाइपाला मध्ये जोड दिला तर चालेल का?

माळ्यावर नको. इनडोअरला दोन आणि आउटडोअरला दोन असे चारच फ्लेअर जोड असावेत, तेही हात पोचेल अशा जागी. १५ मीटरची कॉइल असताना मध्ये जोड द्यायची वेळ बहुतेक मापाची चूक झाल्यामुळेच येते. आधी दोरी टाकून वाट मोजा, प्रत्येक वळणाचे आणि दोन्ही टोकांचे मिळून मीटरभर जादा धरा आणि मगच पाइप कापा.

जोड टाळताच येत नसेल तर तो ब्रेझिंगचा, म्हणजे ज्योतीने रॉड वितळवून केलेला हवा. कॉपर-कॉपरला फॉस-कॉपरचा रॉड, फ्लक्स लागत नाही. ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजनची मंद धार, मिनिटाला दोन-तीन लिटर, चालू ठेवा. ती नसली तर आतल्या भिंतीवर ऑक्साइडचा काळा पापुद्रा धरतो. तो पुढे सुटून कॅपिलरीत (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीत) किंवा व्हॉल्व्हच्या जाळीत अडकतो आणि दोन महिन्यांनी 'गॅस संपला' म्हणून तक्रार येते. रॉड ७०० अंशांच्या पुढे वितळतो. वाळलेले वासे, रिपा, जुनी कोळिष्टकं यांच्यामध्ये ती ज्योत पेटवू नका. जोड खाली जमिनीवर करा आणि पाइप थंड झाल्यावर वर चढवा.

फ्लेअर गळू नये म्हणून काय काळजी घ्यायची?

घरगुती एसीची बहुतेक गळती इथलीच. पाइप हॅकसॉने कापू नका, कटरने कापा. चाकाचा दाब थोडाथोडा वाढवा, नाहीतर तोंड आत दबतं. तोंड खाली धरून आतली धार रीमरने काढा, म्हणजे कॉपरचा कीस पाइपात पडत नाही. आता नट घाला. हे विसरून आधी फ्लेअर करणं इतकं नेहमीचं आहे की नट घातल्याशिवाय फ्लेअरिंग टूल हातातच घ्यायचं नाही असा नियम ठेवा.

क्लचवाल्या फ्लेअरिंग टूलमध्ये पाइप पट्टीच्या वर ० ते ०.५ मिमी, साध्या टूलमध्ये १ ते १.५ मिमी. तयार फ्लेअरचा व्यास दोन सुताला सुमारे ९ मिमी, तीन सुताला १३, चार सुताला १६.४, पाच सुताला १९.५. कडा चिरलेली, एका बाजूला कलती किंवा आत ओरखडा असलेली दिसली तर कापून पुन्हा करा; नट जास्त आवळून ती दुरुस्त होत नाही.

फ्लेअरच्या पृष्ठावर कॉम्प्रेसर तेलाचा एखादा थेंब पुरे. टेफ्लॉन टेप, सफेदा, एमसील यांपैकी काहीही नको, कारण इथे गॅस आट्यांवर अडत नाही, कॉपरच्या तोंडावर अडतो. नट आधी हाताने तीन-चार फेरे सरळ बसला पाहिजे. मग दोन पाने लावा, त्यांपैकी एक टॉर्क रेंच: दोन सुताला १४ ते १७ न्यूटन-मीटर, तीन सुताला ३३ ते ३९, चार सुताला ५० ते ६०, पाच सुताला ६२ ते ७५. पावसाळ्यात गळणारा जोड बहुधा सैल नसतो. जास्त आवळल्याने त्याचं तोंड पातळ होऊन चिरलेलं असतं.

माळ्यावर पाइप कशावर टेकवायचा?

दर मीटर ते सव्वा मीटरवर आधार. मधे झोळ नको. झोळात तेल साचतं आणि इन्सुलेशनवर ताण येऊन त्याचे जोड उघडतात. आधार थेट पाइपावर नको आणि इन्सुलेशन चेपूनही नको. चिरलेल्या पीव्हीसी तुकड्यात इन्सुलेशनसकट पाइप बसवा आणि त्या तुकड्यावर सॅडल मारा, म्हणजे भार पसरतो. जीआय तारेने पाइप टांगणं सगळ्यात वाईट: तार नायट्राइल कापत आत जाते, कॉपरला भिडते आणि तिथे घाम आला की गंजू लागते.

पत्र्यापासून किंवा कौलांपासून किमान एक फूट खाली राहा. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यावर पाइप टाकू नका. कॉम्प्रेसरची कंपनं त्यातून खोलीत ऐकू येतात. वळणं स्प्रिंगने किंवा बेंडरने घ्या. चार सुती पाइप हाताने वळवायचा तर त्रिज्या चार इंचांपेक्षा कमी नको. एकदा चपटा झालेला पाइप ठोकून गोल केला तरी तो तुकडा कापूनच टाकावा.

इन्सुलेशन कुठलं आणि किती जाड?

बंद पेशींचं नायट्राइल रबर. एसीबरोबर कधीकधी येणारी पातळ पांढरी फोम नळी बंद खोलीत तीन मीटरला भागते, माळ्यावर नाही.

जाडी ठरवताना बहुतेकजण उष्णतेचा विचार करतात. खरा प्रश्न घामाचा आहे. जुलैत कोकणातल्या माळ्यावर हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरा. या हवेचा दवबिंदू सुमारे २८ अंश. म्हणजे २८ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठावर पाणी जमणार. चार सुती पाइप ८ अंशांवर आहे. त्यावर ९ मिमी नायट्राइल चढवलं तर बाहेरचा पृष्ठभाग येतो सुमारे २६ अंशांवर: घाम. १३ मिमीला येतो जेमतेम २८ च्या खाली: काठावर, आणि पावसाच्या दिवशी घाम. १९ मिमीला २९ च्या वर: कोरडा. हा हिशोब माळ्यावरच्या जवळजवळ स्थिर हवेचा आहे. म्हणूनच मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात माळ्यावर १९ मिमीच्या खाली जाऊ नये, आणि ज्या माळ्यावर आठवडाभर धुकं आत शिरतं तिथे २५ मिमी घ्यावं. मराठवाडा-विदर्भात हवा कोरडी, पण पावसाळ्याचे दोन महिने तिथेही आहेत. १३ मिमी किमान.

पाइपाची वाट लहान पडते म्हणून १९ ऐवजी ९ मिमी वापरायची सूचना कारागिराने केली तर भोक मोठं करायला सांगा.

पातळ पाइपालाही इन्सुलेशन लागतं का?

हो, आणि वेगळं. फ्रीजच्या जुन्या हिशोबाने लिक्विड लाइन कोमट असते. घरगुती स्प्लिटमध्ये मात्र कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बहुतेक आउटडोअरमध्येच असतो. गॅसचा दाब तिथेच उतरतो आणि पातळ पाइपातूनही गारच मिश्रण जातं. म्हणून दोन्हींना घाम. दोन पाइप एकाच नळीत कोंबले तर मधल्या त्रिकोणी पोकळीत हवा राहते आणि पाणी आतल्या आत वाहून शेवटी सगळ्यात खालच्या जागी टपकतं. डाग एका खोलीत आणि दोष दुसऱ्या खोलीवर, असा घोळ यातूनच होतो.

नळ्या चढवायची नेमकी पद्धत काय?

न चिरता चढवा. पाइपाचं टोक टेपने बंद करून नळ्या एकामागून एक सरकवा, मग पाइप वर न्या, फ्लेअर शेवटी. ओढून लांब करू नका. ताणलेलं नायट्राइल दोन-तीन महिन्यांत मूळ लांबीवर येतं आणि जोडाशी बोटभर कॉपर उघडं पडतं. उलट प्रत्येक नळी सेंटिमीटरभर जास्त ठेवून दाबून बसवा. दोन नळ्यांच्या तोंडांना सोल्यूशन लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत पाच-दहा मिनिटं वाळू द्या आणि मग घट्ट दाबा. ओलं असतानाच चिकटवलं तर ते धरत नाही. जोडावरून नायट्राइल टेपचा एक वेढा, न ताणता.

आधीच बसलेल्या पाइपावर काम असेल तर नळी एका बाजूने उभी चिरा, दोन्ही कडांना सोल्यूशन लावून बंद करा आणि ती रेष दिसेल अशी वरच्या किंवा कुशीच्या बाजूला ठेवा. सोल्यूशनची वाफ पेट घेते आणि बंद माळ्यावर डोकं धरतं. कौलं-पत्र्याची फट उघडून पंखा लावा. चिकटवल्यावर शक्य असेल तर २४ तास एसी चालवू नका.

फ्लेअर नटांवरचं इन्सुलेशन गळतीची तपासणी पूर्ण झाल्यावरच. पण ते विसरू नका. इनडोअरच्या मागचे ते दोन नट उघडे राहिले तर बाकी दहा मीटर निर्दोष असूनही भिंत ओली होते.

वरून पीव्हीसी टेप गुंडाळायची ती सैल हाताने. घट्ट गुंडाळलेल्या टेपने १९ मिमीचं नायट्राइल १० मिमी होतं, म्हणजे पैसे १९ चे आणि काम ९ चं. घराबाहेरच्या उभ्या भागात खालून वर गुंडाळत जा, म्हणजे पावसाचं पाणी टेपच्या पदरावरून सरकतं. बाहेर नायट्राइल उन्हात उघडं ठेवू नका, ते चिरतं.

सगळं नीट केलं तरी घाम येतोय. कुठे बघायचं?

आधारांच्या जागा, भिंतीतून जाण्याचं भोक, वळणाची बाहेरची बाजू, नळ्यांचे जोड. याच क्रमाने. भिंतीच्या भोकात कारागीर नायट्राइल सोलून पाइप ढकलतात, कारण भोक लहान असतं. तिथे घाम हमखास. दीड टनाला १९ मिमी इन्सुलेशनसकट दोन पाइप, ड्रेन आणि केबल जायला नेहमीचं ६५ मिमीचं भोक पुरत नाही. दोन भोकं पाडा किंवा १०० मिमीचं पाडा, पीव्हीसी स्लीव्ह घाला आणि उरलेली फट पुट्टीने बंद करा.

उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी असते. कूलिंग वाया जात नाही का?

जातं, पण लोकांना वाटतं तितकं नाही. ५० अंशांच्या माळ्यावर चार सुती उघडा पाइप मीटरला साधारण १५ वॉट उष्णता घेतो, १९ मिमी इन्सुलेशन असलेला ६ वॉट. दहा मीटरला १५० विरुद्ध ६०. दीड टन म्हणजे ५,२०० वॉट, तेव्हा हा फरक दोन टक्क्यांच्या आत. जास्त महत्त्वाचं हे की तापलेला गॅस कॉम्प्रेसरकडे परततो आणि आर-३२ चा कॉम्प्रेसर मुळातच गरम चालतो. वीज वाचवायची असेल तर पाइपापेक्षा पत्र्याखालच्या इन्सुलेशनवर खर्च करा. त्याचा परिणाम खोलीवर थेट होतो.

सीलिंग बंद करण्याआधी प्रेशर टेस्ट कशी करायची?

कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी ७० पीएसआय, पाच मिनिटं. मग २००, साबणाच्या फेसाने चारही नट बघा. मग ५५० पर्यंत, पण युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर नाही. गेजवर पेनने खूण करून २४ तास ठेवा.

माळ्यावर एक गोष्ट सगळ्यांना फसवते. दुपारी माळा ४८ अंशांना असताना ५५० भरलं आणि पहाटे माळा २८ ला आला, तर गळती नसतानाही काटा सुमारे ३५ पीएसआय खाली येतो. अंशाला पावणेदोन-दोन पीएसआय असा हिशोब. म्हणून दाबाबरोबर माळ्याचं तापमान लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वाचा. उलट, सकाळी भरून दुपारी 'काटा तसाच आहे' म्हणून खूश होऊ नका. तेवढ्या उन्हात तो चढायला हवा होता.

व्हॅक्यूम किती वेळ?

व्हॅक्यूम म्हणजे पंपाने लाइनीतली हवा आणि ओल काढणं. वेळेवर जाऊ नका, मायक्रॉनवर (व्हॅक्यूम मोजायच्या एककावर) जा. ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं थांबा. आकडा हजाराच्या आसपास येऊन थांबला तर थोडी ओल आहे, पंप पुन्हा चालवा. थांबतच नसेल तर गळती आहे. साध्या मॅनिफोल्ड गेजचा काटा उणे तीसवर गेला म्हणजे झालं असं नाही; तो काटा ५०० आणि ५,००० मधला फरक दाखवूच शकत नाही. आत राहिलेली ओल आणि कॉम्प्रेसरचं तेल मिळून आम्ल होतं.

आउटडोअरचा थोडा गॅस सोडून लाइनीतली हवा बाहेर काढायची जुनी रीत आर-३२ ला वापरू नका. हा गॅस पेट घेणारा आहे आणि ओल त्याने निघत नाही.

आर-३२ किंवा आर-२९० असताना माळा सुरक्षित आहे का?

पाइप सलग आणि जोडाविना असेल तर हो. आर-३२ मंद पेटतो, आर-२९० म्हणजे प्रोपेन, सहज पेटतो. दोन्ही हवेपेक्षा जड, गळले तर खाली बसतात. म्हणून बंद सीलिंगमध्ये फ्लेअर जोड नाही, पाइपाशेजारी उघडे वायरजोड नाहीत, आणि आर-२९० ला लांबी व गॅस वाढवायचा तो मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तेवढाच. या युनिटच्या दुरुस्तीत ज्योत पेटवण्याआधी गॅस काढून नायट्रोजन फिरवणं सक्तीचं समजा.

उंदीर, खारी, वटवाघळं यांचं काय?

उंदीर नायट्राइल खात नाहीत, घरट्यासाठी कुरतडतात. पूर्ण लाइन ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपातून नेली आणि दोन्ही तोंडांना जाळी बसवली तर प्रश्न मिटतो. ते शक्य नसेल तर निदान पाइप जिथून माळ्यावर शिरतो ती भोकं जाळी आणि सिमेंटने बंद करा. वटवाघळांची विष्ठा आणि उंदरांचं मूत यांतून अमोनिया सुटतो. त्याने पितळेचे ताणाखालचे नट तडकतात. माळ्यावर नट नसावा याचं हे आणखी एक कारण.

घराचं बांधकाम चालू आहे. पाइप आत्ताच टाकून ठेवू का?

ठेवा. टोकं चेपून ब्रेझ करा, एका टोकाला गेज ठेवून १५० पीएसआय नायट्रोजन भरून सोडा. पीओपीवाल्याचा, इलेक्ट्रिशियनचा स्क्रू पाइपात गेला तर काटा त्याच दिवशी सांगेल, तेव्हा दुरुस्ती सोपी असते. वाटेचे फोटो टेप धरून काढा. आणि एसी कुठला घेणार ते आधी ठरवा. दोन-चार सूत टाकून ठेवल्यावर तीन सुताचं युनिट आलं तर सगळं वाया.

जुनी आर-२२ ची लाइन नव्या एसीला चालेल?

शक्यतो बदला. भिंत पातळ असू शकते, आत जुनं मिनरल तेल असतं, आणि नव्या गॅसच्या चार व पाच सुती नटांचं आणि फ्लेअरचं माप वेगळं असतं. भिंतीत पुरलेली लाइन काढता येत नसेल तर नवीन वाट शोधणं जुनी धुण्यापेक्षा बरं.

सीलिंगवर डाग आलाय. पाइप, ड्रेन की छप्पर, कसं ओळखायचं?

एसी दोन दिवस बंद ठेवा. पाऊस असताना डाग वाढला तर छप्पर. एसी चालू केल्यावर लगेच, तासाभरात टपकलं तर ड्रेन: इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळू ओता, बाहेर तितकंच येतं का बघा. रात्रभर चालल्यावर पहाटे थेंब पडत असतील आणि कोरड्या दिवसांत काहीच होत नसेल तर इन्सुलेशन. अशा वेळी एसी चालू ठेवूनच माळ्यावर जा, टिश्यू पेपर हातात घेऊन पाइपाच्या खालच्या बाजूने फिरवा. तो जिथे भिजेल तिथपासून वरच्या उताराकडे शोधा. पाण्याऐवजी तेलकट डाग असेल तर तिथे गॅस गळतोय. माळ्यावर पाय ठेवताना तुळईवर किंवा आडव्या टाकलेल्या फळीवरच ठेवा, पीओपीवर कधीच नाही.